ऑडिओलॉजीच्या इंटर्नला खासगी क्लिनिकमध्ये शिकवायचे असेल तर…

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी (ऐकण्याची तपासणी आणि उपचार) आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी (बोलण्या-भाषेच्या अडचणींवरचे उपचार) यांची पदवी, चार वर्षांची असते आणि त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. राज्यात मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, नायर रुग्णालय, पुण्याचे भारती विद्यापीठ अशा ठिकाणी हा अभ्यासक्रम चालतो. इंटर्नशिपच्या वर्षातला काही काळ खासगी क्लिनिकमध्ये काढणारे विद्यार्थीही असतात. हे पत्र त्या काळाबद्दल आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की इंटर्न घेणाऱ्या क्लिनिकने रोज त्याच्या शेजारी बसून शिकवायची तयारी ठेवावी, आणि काय शिकवणार, कधी शिकवणार, हे तो येण्याआधी कागदावर लिहून द्यावे.

खासगी क्लिनिकमध्ये शिकण्यासारखे काय असते, असे काही प्राध्यापक विचारतात. संस्थेच्या ओपीडीत विद्यार्थ्याच्या हातून भरपूर ऑडिओमेट्री (किती हळू आवाज ऐकू येतो याची तपासणी) होते, बेरा (आवाज दिल्यावर कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या लाटांची तपासणी) होते, नाना तऱ्हेचे कान पाहायला मिळतात. पण तिथे पोस्टिंग बदलत राहते. आज ज्या आजोबांचा ऑडिओ (ऑडिओमेट्री) केला, त्यांना पुढे श्रवणयंत्र बसले का, ते आठव्या दिवशी काय तक्रार घेऊन आले, तीन महिन्यांनी यंत्र कानात होते की कपाटात, हे त्या विद्यार्थ्याला कळत नाही. खासगी क्लिनिकमध्ये तोच माणूस त्याच खुर्चीत चार-पाच वेळा येऊन बसतो. तपासणी, कानाचे माप, यंत्र बसवणे, आठवड्याची भेट, महिन्याची भेट असा सगळा प्रवास एकाच इंटर्नच्या डोळ्यांसमोर होतो. श्रवणयंत्राचे काम खरे तर यंत्र दिल्यानंतर सुरू होते, आणि ते शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

प्रत्यक्षात मात्र दोनपैकी एक गोष्ट घडताना दिसते. एक तर इंटर्न कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तीन-तीन महिने नुसते बघत राहतो. नाहीतर तिसऱ्याच दिवशी त्याच्या हातात ऑडिओमीटर, फोन आणि श्रवणयंत्राच्या सेलची पाकिटे देऊन वरिष्ठ दुसऱ्या शाखेत निघून जातात. पहिल्यात तो काही शिकत नाही. दुसऱ्यात तो चुका शिकतो, आणि त्या पक्क्या होतात.

सुरुवात फोनपासूनच करू, कारण इंटर्नला सर्वांत आधी तिथेच बसवले जाते आणि ते काम कुणालाही जमेल असे समजले जाते. "परवा सकाळी उठलो तर उजव्या कानाने एकदम ऐकू येईना," असे सांगणारा फोन आला, तर त्याला पुढच्या सोमवारची वेळ देणे ही गंभीर चूक आहे. तीन दिवसांच्या आत अचानक ऐकू येणे कमी झाले असेल तर ती तातडीची बाब असते. त्याच दिवशी ऑडिओमेट्री आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ, असेच व्हायला हवे. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो. फोनशेजारी एक कार्ड चिकटवलेले असावे: अचानक बहिरेपणा, कानातून पू किंवा रक्त, चक्कर, एकाच कानात सतत आवाज, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, बाळाने बटण सेल गिळणे. यातले काहीही ऐकले की इंटर्नने वेळ देत बसू नये, लगेच वरिष्ठांना सांगावे. सेल गिळल्याचा फोन असेल तर थेट रुग्णालयात पाठवावे, क्लिनिकमध्ये बोलावू नये.

पहिला आठवडा यंत्रसामग्रीचा. सकाळी रुग्ण येण्याआधी दहा मिनिटे पुरतात. ऑडिओमीटर सुरू करून गरम होऊ द्यावा. मग हेडफोन स्वतःच्या कानाला लावून प्रत्येक फ्रिक्वेन्सी (आवाजाची पट्टी, हर्ट्झमध्ये) ऐकावी. वायर सांध्याजवळ हलवून खरखर येते का पाहावे, बोन व्हायब्रेटरची (कानामागच्या हाडावर लावायच्या कंपकाची) पट्टी ढिली झाली आहे का तपासावे. लाल उजवा, निळा डावा. प्लग काढून पुन्हा लावताना अदलाबदल झाली, तर दिवसभराचे सगळे रिपोर्ट कान बदलून निघतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याचे ऐकणे चांगले आहे आणि ज्याचे आकडे (ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज, डेसिबलमध्ये) वहीत नोंदलेले आहेत अशा एकाच माणसाचा ऑडिओ ठरावीक दिवशी पुन्हा करावा. १० डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर मशीन कॅलिब्रेशनला द्यायचे. वर्षातून एकदा होणारे कॅलिब्रेशन वेगळे, आणि ही रोजची तपासणी वेगळी.

रस्त्यालगतच्या क्लिनिकमध्ये आणखी एक गोष्ट इंटर्नला दाखवावी लागते. सकाळपासून आलेल्या प्रत्येकाचे २५० आणि ५०० हर्ट्झचे आकडे २५-३० डेसिबलवर अडकत असतील, तर ते सगळे बहिरे नसतात, खोलीत आवाज असतो. एसी, इन्व्हर्टरचा गुणगुणाट, खाली उभी असलेली बस. साऊंडप्रूफ खोलीच्या दाराचे रबर एका बाजूने दबले की आवाज आत येतो. जाड कागदाचा तुकडा दारात धरून दार लावावे आणि कागद ओढावा. सहज निघाला तर तिथे फट आहे.

आता खुद्द ऑडिओमेट्री. १००० हर्ट्झपासून सुरुवात, ऐकू आले की १० डेसिबल खाली, आले नाही की ५ वर, शेवटी १००० पुन्हा करून आधीच्या आकड्याशी जुळवायचे, हे सगळ्या मुलांना तोंडपाठ असते. बिघडते ते मास्किंगला, म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्या कानाला वेगळ्या आवाजाने गुंतवून ठेवण्याला. एका उदाहरणाने सांगतो. एखाद्याचा डावा कान चांगला आहे, १० डेसिबलला ऐकतो. उजवा पूर्ण निकामी आहे. उजव्या कानात हेडफोनमधून ५०-६० डेसिबलचा आवाज दिला की तो कवटीमधून डाव्या कानापर्यंत पोहोचतो, कारण साध्या हेडफोनला दोन कानांमधला अडथळा काही वेळा ४० डेसिबलच मिळतो. रुग्ण प्रामाणिकपणे बटण दाबतो. कागदावर उजव्या कानाचा ५५-६५ डेसिबलचा छान आलेख उमटतो. खरे तर तो डाव्या कानाची सावली असते. इंटर्न 'मध्यम ते तीव्र' असे लिहून मोकळा होतो आणि ज्या कानाला काहीच ऐकू येत नाही त्या कानात यंत्र बसते. सहा महिन्यांनी घरचे म्हणतात, मशीनचा काही उपयोग नाही.

यासाठी सवय एकच. दोन कानांच्या आकड्यांत ४० किंवा जास्त फरक दिसला, किंवा हवेच्या (हेडफोनच्या) आणि हाडाच्या (बोन व्हायब्रेटरच्या) आकड्यांत १० पेक्षा जास्त अंतर दिसले, की हात आपोआप मास्किंगकडे गेला पाहिजे. चांगल्या कानाच्या आकड्यापेक्षा १० वर नॅरोबँड नॉइज (त्या फ्रिक्वेन्सीभोवतीचा वाऱ्यासारखा आवाज) सुरू करायचा आणि पायरीपायरीने वाढवत न्यायचा. नॉइज सलग तीन पायऱ्या वाढवूनही तपासणीच्या कानाचा आकडा जागचा हलत नसेल तर तो खरा. आकडा नॉइजबरोबर वर सरकत राहिला तर सावली पकडली गेली. आणि हे सगळे रुग्णाला नीट सांगितले तरच चालते: "काका, या कानात वाऱ्यासारखा आवाज येत राहील, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. टूं-टूं ऐकू आलं, अगदी बारीक आलं, तरच बटण दाबा." हे वाक्य इंटर्नने पहिल्या आठवड्यात मोठ्याने म्हणून बसवून घ्यावे. बरीच चुकलेली मास्किंग ही सूचना अर्धवट दिल्यामुळे चुकते.

दुसरा सापळा वयस्कर माणसांचा. कानाच्या तोंडाशी असलेले कूर्चेचे पडदे सैल झालेले असतात, हेडफोनच्या उशीने ते दाबले जातात आणि नळी मिटते. मग वरच्या फ्रिक्वेन्सींना हवा आणि हाड यांच्यात खोटे अंतर दिसते, टिम्पॅनोमेट्री (हवेच्या दाबाने कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी तपासणी) मात्र स्वच्छ 'ए', म्हणजे नेहमीसारखी. हे दोन कागद एकमेकांशी भांडत असतील तर इन्सर्ट (कानाच्या नळीत घालायचे) इअरफोन लावून पुन्हा करायचे. कागद भांडतात हे लक्षात येणे म्हणजेच ऑडिओलॉजी शिकणे. टिम्पॅनोमेट्रीत टाइप 'बी', म्हणजे सपाट आलेख, आला की 'पडद्यामागे पाणी' असे लिहायची घाई मुले करतात. आधी नळीचे आकारमान बघावे. ते नेहमीपेक्षा खूप मोठे असेल तर पडद्याला भोक असू शकते, अगदीच कमी असेल तर मळ असतो किंवा प्रोबचे (मशीनच्या कानात घालायच्या भागाचे) टोक भिंतीला टेकलेले असते. सहा महिन्यांखालच्या बाळाला २२६ हर्ट्झचा प्रोब चालत नाही, १००० हर्ट्झच हवा. क्लिनिकमध्ये तो नसेल तर बाळ तपासायला घेऊ नये.

या टप्प्यावर वरिष्ठांनी एक साधी गोष्ट करावी. पहिले चार आठवडे इंटर्नने केलेल्या प्रत्येक ऑडिओनंतर स्वतः दोन फ्रिक्वेन्सी, १००० आणि ४०००, पुन्हा कराव्यात. तीन-चार मिनिटे लागतात. ५ डेसिबलचा फरक चालतो. १० किंवा जास्त आला तर रुग्ण गेल्यावर का आला ते दोघांनी शोधायचे: सूचना कमी पडली, टोन फार लांब दिला, ठराविक तालात दिला म्हणून रुग्ण अंदाजाने दाबत गेला, की इंटर्नचा चेहरा काचेतून दिसत होता. चार आठवड्यांच्या अशा नोंदी एका वहीत राहिल्या तर त्या इंटर्नला एकट्याने बसू द्यायचे की नाही, याचा निर्णय आवडीनिवडीवर राहत नाही.

स्पीच ऑडिओमेट्रीकडे, म्हणजे शब्द ऐकवून करायच्या तपासणीकडे, खासगी क्लिनिकमध्ये वेळेअभावी दुर्लक्ष होते, आणि इंटर्नही ते टाळायला शिकतो. हे थांबायला हवे. "आवाज येतो पण शब्द कळत नाही" ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाला शुद्ध टोनच्या आलेखावर यंत्र देणे म्हणजे अर्धी तपासणी. शब्द मराठीतले हवेत, रुग्णाच्या रोजच्या बोलण्यातले हवेत. घरी कोकणी, अहिराणी किंवा हिंदी बोलणाऱ्याला पुस्तकी मराठी शब्द देऊन गुण कापले, तर मोजली जाते भाषा, कान राहून जातो. इंटर्न स्वतः माइकवर शब्द म्हणत असेल तर मीटरची सुई प्रत्येक शब्दाला शून्याजवळ राहिली पाहिजे. शेवटचा शब्द थकून हळू म्हणायची सवय लवकर मोडावी. शब्दांचा उंबरठा (निम्मे शब्द कळतील इतका हळू आवाज) आणि टोनची सरासरी यांत १० पेक्षा जास्त तफावत असेल तर दोन्हींपैकी एक चुकले आहे, पुन्हा करायचे.

याच संदर्भात, डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. ६० डेसिबलचा आकडा पाहून "तुम्हाला साठ टक्के ऐकू येत नाही" असे सांगणारे इंटर्न आणि त्यांचे वरिष्ठही आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींना ६० ते ७० डेसिबल म्हणजे कमी ऐकू येणे आणि ७० म्हणजे बहिरेपणा अशी व्याख्या आहे. दाखल्यावरची टक्केवारी वेगळ्या सूत्राने निघते आणि दाखला शासनाने अधिसूचित केलेले वैद्यकीय अधिकारीच देतात. खासगी क्लिनिकमधून टक्के ऐकून गेलेला माणूस सरकारी रुग्णालयात भांडतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

कानाचे माप घेणे, म्हणजे मोल्डसाठी (यंत्राच्या कानात बसणाऱ्या भागासाठी) साचा काढणे, ही इंटर्नच्या हातून होणारी सर्वांत जोखमीची गोष्ट. तरी ती सर्वांत आधी सोपवली जाते, कारण वरिष्ठांना तिचा कंटाळा असतो. क्रम असा असावा. पहिले दहा साचे सहकाऱ्यांच्या कानाचे, नंतर निरोगी कानाच्या प्रौढांचे आणि तेही वरिष्ठ शेजारी असताना. शस्त्रक्रिया झालेले कान, पडद्याला भोक असलेले कान आणि लहान मुले या वर्षात इंटर्नने एकट्याने करूच नयेत. आधी ओटोस्कोपने (कानात पाहायच्या दिव्याने) आत पाहायचे. मग दोरा बांधलेला स्पंजचा बोळा नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पलीकडे ठेवायचा, दोरा बाहेर दिसत राहिला पाहिजे. बोळा लहान पडला किंवा तिरका बसला की सिलिकॉन त्याच्या बाजूने आत जाते, पडद्याला चिकटते आणि मग ते काढायला कधी कधी शस्त्रक्रियाच करावी लागते. आत हात घालताना करंगळी रुग्णाच्या गालावर टेकलेली हवी, म्हणजे त्याने मान हलवली तरी हात त्याच्याबरोबर हलतो. सिलिकॉनचे दोन भाग समसमान घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे. लॅटेक्सचे हातमोजे घातले तर त्यातल्या गंधकामुळे काही सिलिकॉन नीट घट्ट होत नाही, म्हणून नायट्राइलचे मोजे किंवा धुतलेले उघडे हात. सिरिंजचे टोक भरताना मालातच बुडलेले ठेवायचे, बाहेर काढून पुन्हा घातले की मध्ये हवा अडकते आणि मोल्ड त्याच जागी ढिला होतो. साधारण पाच मिनिटांनी नख टोचून बघायचे, खूण राहिली नाही तर झाले. आधी कानाची पाळी ओढून हवा जाऊ द्यायची, मग वरचा भाग सोडवून पुढे वळवत काढायचे. आणि साचा हातात आला म्हणजे काम संपले असे नाही. पुन्हा ओटोस्कोप घेऊन आत बोळा किंवा तुकडा राहिला नाही ना हे पाहून 'कान स्वच्छ' अशी वेळेसह नोंद करायची.

यंत्र बसवताना कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख भरला की एका क्लिकवर 'फर्स्ट फिट' (यंत्राची आपोआप ठरलेली पहिली मांडणी) होते. तिथेच थांबायची सवय लागली तर पदवी कशाला हवी? बऱ्याच कानांत हे फर्स्ट फिट वरच्या फ्रिक्वेन्सींना लक्ष्यापेक्षा कमी पडते. म्हणजे 'स', 'श', 'फ', 'थ' यांचा भागच गायब होतो आणि माणूस म्हणतो, आवाज वाढला पण बोलणे कळेना. खरे काय पोहोचते हे कळायचे तर रिअल-इअर मेजरमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कानातच आवाज मोजणे, हवे. बारीक नळी कानाच्या पडद्याजवळ न्यायची. पुरुषाला कानाच्या पुढच्या खाचेपासून साधारण ३० मिलिमीटर, बाईला २८ मिलिमीटरवर खूण करून आत सरकवायची आणि ओटोस्कोपने जागा पाहायची. मग ६५ डेसिबलचे बोलणे लावून आलेख एनएएल-एनएल२ या सूत्राने त्या कानासाठी ठरवलेल्या लक्ष्याच्या ५ डेसिबलच्या आत आणायचा, त्यानंतर हळू आणि मोठे बोलणे, शेवटी मोठ्या टोनने कमाल आवाज त्रासदायक होत नाही ना ते पाहायचे. आलेख वरच्या टोकाला अचानक कोसळला तर गेन (यंत्र आवाज किती मोठा करते ते) वाढवायच्या आधी नळी बघा. ती बाहेर सरकलेली असते, मळात रुतलेली असते, नाहीतर मोल्डखाली चेमटलेली असते.

शिट्टीची तक्रार हा तर इंटर्नची परीक्षा घेणारा प्रश्न. सॉफ्टवेअरमध्ये वरचा गेन दोन-तीन पायऱ्या कमी केला की शिट्टी थांबते, रुग्ण खूश, इंटर्नही खूश. पण कान मळाने भरला असेल, मोल्ड सैल झाला असेल, नळी पिवळी पडून कडक झाली असेल किंवा डोम (यंत्राच्या टोकाची मऊ टोपी) एक नंबर लहान असेल, तर खरे कारण तसेच राहते आणि शब्दांची स्पष्टता कापली जाते. क्रम उलटा ठेवावा: आधी कान पाहा, मग मोल्ड, मग नळी, मग डोम, शेवटी सॉफ्टवेअर. तसेच "माझाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो" याला दोन कारणे असतात. यंत्र बंद करून कानात तसेच ठेवायचे आणि बोलायला सांगायचे. घुमणे तसेच राहिले तर व्हेंट (मोल्डमधले हवेचे छिद्र) मोठा हवा, गेले तर खालच्या फ्रिक्वेन्सींचा गेन जास्त आहे.

छोट्या गोष्टींना छोटे समजू नये. झिंक-एअर सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग तो यंत्रात घालायचा. १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. मुलांच्या यंत्राला सेलच्या दाराचे कुलूप असलेच पाहिजे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला सांगायचे आणि जेलचा रंग बदलला की डबी बदलायला सांगायचे. घरी आईने रोज सकाळी मुलाच्या पाठीमागून 'आ, ई, ऊ, म, स, श' हे सहा आवाज म्हणून पाहावेत. 'श' आणि 'स'ला मूल वळले नाही तर यंत्रात काहीतरी बिघडले आहे. हे आईला करून दाखवताना इंटर्नचा हात तोंडावर आडवा येत असेल तर आवाजच बदलतो, हेही बघावे.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात: स्पिरिटचा बोळा फिरवला म्हणजे निर्जंतुक झाले असे नाही. प्रत्येक कानाला वेगळे स्पेक्युलम (ओटोस्कोपचे टोक) आणि वेगळा टिप (प्रोबचे टोक). वाहत्या कानाचा टिप फेकून द्यायचा. २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये २० मिनिटांत जंतू मारले जातात पण बीजाणूंसह पूर्ण निर्जंतुकीकरणाला १० तास लागतात, हे बाटलीवर तारखेसह लिहिलेले असावे.

बेराबद्दल एवढेच सांगतो की बाळाच्या बेराला घाई चालत नाही. कातडी नीट घासून इलेक्ट्रोडचा रोध ५ किलोओहमच्या आत आणि दोन इलेक्ट्रोडमधला फरक २ च्या आत येईपर्यंत सुरू करू नये. जुन्या इमारतीत अर्थिंग नसेल तर ५० हर्ट्झचा गोंधळ लाटा गिळून टाकतो. मोबाइलचा चार्जर आणि ट्यूबलाइट बंद करून पाहावे. आणि बाळाला झोपेचे औषध द्यायचे असेल तर ते डॉक्टर हजर असतानाच, इंटर्नच्या हातून नाही. एका महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार हा क्रम पाळायचा तर इंटर्नच्या फसलेल्या बेरामुळे बाळाचे दोन महिने वाया जाता कामा नयेत.

आता जी गोष्ट बोलायला अवघड आहे ती. खासगी क्लिनिक यंत्र विकून चालते, हे लपवण्यासारखे नाही. पण इंटर्नला विक्रीचे लक्ष्य देणे, किती महाग यंत्र खपवले यावर त्याला बक्षीस देणे, हे बंद व्हायलाच हवे. आलेखाआधी दरपत्रक बघायची सवय लागलेला ऑडिओलॉजिस्ट पुढची तीस वर्षे तेच करतो. कट प्रॅक्टिसची पाकिटे पोचवायला इंटर्नला पाठवणे तर कोणत्याही सबबीवर चालवून घेऊ नये. त्याने शिकावे ते हे: तीन किमतींची तीन यंत्रे रुग्णासमोर ठेवायची, प्रत्येकाने काय जास्त मिळते आणि काय मिळत नाही हे साध्या मराठीत सांगायचे, आणि "नातवाच्या लग्नाआधी घ्यायचंच असं काही नाही, विचार करून या," हे वाक्य मनापासून म्हणता यायला हवे.

कायद्याचे एक वाक्य. भारतीय पुनर्वास परिषद कायदा १९९२ नुसार नोंदणी नसताना व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून रिपोर्टवर सही नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्टची आणि त्याचा नोंदणी क्रमांक हवा. इंटर्नचे नाव 'तपासणी केली' म्हणून खाली असावे, कारण काम त्याने केले आहे. वरिष्ठांनी सही करून ठेवलेले कोरे लेटरहेड इंटर्नच्या ताब्यात देणे हा गुन्ह्याकडे नेणारा रस्ता आहे. त्यात भविष्य इंटर्नचे अडकते, क्लिनिकचे नाही.

वरिष्ठांनाही शिकवायला शिकावे लागते. अमेरिकेत डॉक्टर ऑफ ऑडिओलॉजीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी वर्षभर एक्स्टर्नशिप करतात. तिथल्या आशा या व्यावसायिक संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी मार्गदर्शकाला स्वतः प्रमाणपत्र मिळाल्यावर किमान नऊ महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव आणि मार्गदर्शन कसे करावे याचे दोन तासांचे शिक्षण लागते. दोन तास काही फार नाहीत. पुनर्वास परिषदेने असे छोटे प्रशिक्षण घेणाऱ्या आणि इंटर्न सांभाळणाऱ्या ऑडिओलॉजिस्टला नोंदणी नूतनीकरणासाठी लागणाऱ्या सीआरई (निरंतर पुनर्वास शिक्षण) गुणांत त्याचा हिशोब द्यावा, ही आमची मागणी आहे. शिकवायचे म्हटले की ४५ मिनिटांची भेट ७० मिनिटांची होते, दिवसाचे दोन-तीन रुग्ण कमी होतात. हे नुकसान सोसायची तयारी नसेल तर क्लिनिकने इंटर्न घेऊच नये, त्यात कमीपणा नाही.

महाविद्यालयांनी इंटर्न पाठवण्याआधी क्लिनिक प्रत्यक्ष येऊन पाहावे. मास्किंग आणि बोन असलेला कॅलिब्रेट केलेला ऑडिओमीटर, साऊंडप्रूफ खोली, टिम्पॅनोमीटर, ओटोस्कोप आणि रिअल-इअर मशीन, आणि दिवसभर त्याच जागी बसणारा एक नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्ट एवढे नसेल तर पाठवू नये. एका वरिष्ठामागे एका वेळी एक, फार तर दोन इंटर्न. महाविद्यालय, क्लिनिक आणि विद्यार्थी तिघांच्या सहीच्या करारात कामाचे तास, सुट्टी, विद्यावेतन किंवा निदान प्रवासखर्च, कोणत्या आठवड्यापासून कोणते काम एकट्याने, काय अजिबात करायचे नाही, आणि तक्रार कुणाकडे करायची हे लिहिलेले असावे. विद्यार्थ्याकडून फी घेऊ नये. महिन्यातून एकदा प्राध्यापकांनी फोन न करता स्वतः यावे, नोंदवही चाळावी आणि एक पूर्ण तपासणी बसून पाहावी.

आणि वाचकांपैकी जे रुग्ण किंवा नातेवाईक म्हणून क्लिनिकमध्ये जातात त्यांच्यासाठी: तपासणारा इंटर्न आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्याला नाही म्हणायचाही. पण वरिष्ठ शेजारी बसले असतील तर शक्यतो हो म्हणा, त्या खोलीत दोन जोड्या डोळे तुमच्या कानाकडे बघत असतात. रिपोर्ट हातात आला की खाली सही आणि नोंदणी क्रमांक आहे का पाहा. नसेल तर तिथेच मागून घ्या.

आपले,
खासगी क्लिनिक चालवणारे काही ऑडिओलॉजिस्ट,
पुणे